क्रूझ रोबोटॅक्सी प्रकरण: लोकांना शंका नेमकी कशाची होती?

2 ऑक्टोबर 2023, रात्रीचे साडेनऊ वाजायला आले होते. सॅन फ्रान्सिस्कोत मार्केट स्ट्रीट आणि फिफ्थ स्ट्रीटच्या चौकात एक बाई चालणाऱ्यांचा सिग्नल लाल असताना रस्ता ओलांडत होती, तेवढ्यात एका निसान गाडीने तिला उडवलं. ती गाडी माणूस चालवत होता आणि तो थांबला पण नाही, सरळ पळून गेला. बाई फेकली गेली ती शेजारच्या लेनमध्ये, आणि नेमकी त्याच लेनमधून क्रूझ कंपनीची रोबोटॅक्सी येत होती, आत ड्रायव्हर नाही, पॅसेंजरही नाही. गाडीने ब्रेक मारला, तरी बाईवर आदळली आणि थांबली.

इथपर्यंत ऐकलं तर कोणीही म्हणेल की यात रोबोटॅक्सीची काय चूक. पण गाडी थांबून राहिली नाही ना. ती परत हलली, कडेला जाऊन उभं राहायला, आणि बाई खाली अडकलेली असताना जवळपास 20 फूट पुढे गेली. वेग ताशी 7.7 मैलांपर्यंत गेला, म्हणजे साधारण 12 किलोमीटर. मग कुठे थांबली. फायर ब्रिगेडच्या लोकांनी येऊन तिला गाडीखालून बाहेर काढलं. बाई वाचली, पण जबर जखमी झाली.

हे प्रकरण मी निवडलं कारण सेल्फ-ड्रायव्हिंग गाड्यांवर वाद घालताना दोन्ही बाजूंचे लोक साधारण एकच एक गोष्ट बोलत बसतात, ती म्हणजे मशीन माणसापेक्षा कमी अपघात करतं की जास्त. क्रूझचं जे झालं ते या प्रश्नाच्या उत्तराने झालंच नाही. कंपनी बुडाली ती दुसऱ्या दिवशी सकाळी झालेल्या मीटिंगांमुळे. त्या मीटिंगांकडे येतोच, पण आधी त्या वर्षीच्या उन्हाळ्यात शहरात वातावरण कसं होतं ते सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचा राग कळणार नाही.

10 ऑगस्ट 2023 ला कॅलिफोर्निया पब्लिक युटिलिटीज कमिशनने 3 विरुद्ध 1 मतांनी क्रूझ आणि तिची स्पर्धक कंपनी वेमो दोघांनाही सॅन फ्रान्सिस्कोत चोवीस तास पैसे घेऊन बिनड्रायव्हरच्या टॅक्सी चालवायची परवानगी दिली. शहराचा स्वतःचा याला विरोध होता, पण परमिट राज्याच्या हातात, त्यामुळे शहराला फक्त जाऊन म्हणणं मांडता येत होतं. फायर चीफ जीनीन निकोल्सन यांनी तर उघड सांगितलं होतं की ही टेक्नॉलॉजी अजून तयार नाही. कारण साधं होतं, त्यांच्या बंबांच्या वाटेत या गाड्या येऊन उभ्या राहायच्या, आग विझवायच्या पाइपांवरून जायच्या, आणि समोर ड्रायव्हरच नसल्यामुळे 'मागे घे रे' म्हणून ओरडायचं कोणाला हाच प्रश्न. काही कार्यकर्त्यांनी तर एक भन्नाट उपाय शोधला, रस्त्यावरचा केशरी शंकू उचलायचा आणि रोबोटॅक्सीच्या बॉनेटवर ठेवून द्यायचा, की गाडी गोंधळून जागच्या जागी बसते. खिळा नाही, दगड नाही, नुसता एक प्लास्टिकचा शंकू. याचे व्हिडिओ जगभर फिरले आणि मला वाटतं लोकांच्या मनात पहिली खरी शंका तिथेच पक्की झाली, की इतकी हुशार म्हणवणारी गाडी एवढ्याशा गोष्टीने अडकते तर खऱ्या अडचणीत काय करेल.

परवानगी मिळाली आणि एक-दोन दिवसांतच नॉर्थ बीच भागात क्रूझच्या दहाएक गाड्या एकत्र बंद पडून ट्रॅफिक जाम करून बसल्या. कंपनीने कारण मोबाइल नेटवर्कचं दिलं, शहरात मोठा म्युझिक फेस्टिव्हल चालू होता म्हणून. आठवड्याभरात एक क्रूझ गाडी सायरन वाजवत जाणाऱ्या फायर ट्रकशी धडकली, आतला पॅसेंजर जखमी झाला आणि डीएमव्हीने, म्हणजे राज्याच्या वाहन खात्याने, ताफा अर्धा करायला लावला, दिवसा 50 गाड्या आणि रात्री 150.

आणि या सगळ्याच्या थोडं आधी, जुलैमध्ये, याच कंपनीने पेपरांत पानभर जाहिरात दिली होती की माणसं फार वाईट ड्रायव्हर असतात. आता आकडे बघितले तर यात खोटं काही नाही, अमेरिकेत रस्त्यावर वर्षाला 40 हजारांच्या आसपास माणसं मरतात. पण ज्या शहरातले लोक आधीच वैतागलेत त्यांना पानभर जाहिरातीतून 'तुम्ही वाईट' असं सांगणं म्हणजे... असो.

आता त्या 20 फुटांकडे. गाडी मुद्दाम तर कोणाला फरफटत नेत नाही, मग हे झालं कसं? क्रूझने नंतर एक्स्पोनंट नावाच्या इंजिनिअरिंग फर्मकडून तपास करून घेतला, त्यातून जे बाहेर आलं ते या गाड्यांबद्दल विचार करणाऱ्या प्रत्येकाने नीट समजून घ्यावं असं आहे. सेल्फ-ड्रायव्हिंग सिस्टिममध्ये एक नियम असतो की काही बिघडलं, काही आपटलं तर गाडीने शक्य तितक्या कमी धोक्याच्या स्थितीत जावं. बहुतेक वेळा याचा अर्थ असा की रस्त्याच्या मधोमध उभं राहू नको, कडेला घे. नियम चांगलाच आहे, भर रस्त्यात बंद पडलेल्या गाड्यांवरूनच तर सगळं शहर पेटलं होतं. सिस्टिमने धडक झाली हे ओळखलं, पण कुठल्या प्रकारची धडक ते चुकलं. तिला वाटलं बाजूने काहीतरी लागलंय. समोरून माणूस येऊन गाडीखाली गेलाय हे तिच्या हिशोबातच आलं नाही, कारण बाई जमिनीवर पडल्यावर सिस्टिमला ती नीट दिसेनाशी झाली होती. बाजूने घासलंय ना, मग काय करायचं, कडेला घ्यायचं. आणि तिने घेतलं.

म्हणजे गाडीने नियम मोडला नाही हो, नियम पाळला. हे वाक्य मला या अख्ख्या प्रकरणात सगळ्यात जास्त खुपतं. अगदी नवशिका ड्रायव्हर घ्या, घाबरट घ्या, त्याच्या गाडीपुढे माणूस येऊन आपटला आणि मग दिसेनासा झाला तर तो काय करेल? तो ब्रेकवरचा पाय काढणार नाही. त्याला सेन्सर नाहीत, तीनशे साठ अंशांतले कॅमेरे नाहीत, पण एक साधी गोष्ट त्याला माहीत असते की आत्ता इथे माणूस होता आणि आता दिसत नाहीये म्हणजे तो कुठेतरी असलाच पाहिजे, आणि ते 'कुठेतरी' बहुतेक आपल्या गाडीखाली आहे. लहान मूलसुद्धा बॉल सोफ्याखाली गेला की वाकून बघतं. क्रूझच्या गाडीकडे नेमकी ही समज त्या क्षणी नव्हती.

इथे सांख्यिकीवाले लोक म्हणतील की अहो पण असं किती वेळा होणार. बरोबर आहे, फार क्वचित होणार. पुढे नोव्हेंबरमध्ये क्रूझने 950 गाड्यांचं सॉफ्टवेअर रिकॉल केलं, म्हणजे दोष काढायला अधिकृतपणे बदललं, तेव्हा कागदावर कंपनीने स्वतःचा अंदाज दिला होता, की सॉफ्टवेअर बदललं नसतं तर अशा प्रकारचा गंभीर जखमेचा धोका असलेला अपघात सरासरी 1 कोटी ते 10 कोटी मैलांमागे एकदा परत झाला असता. वाचायला हा आकडा केवढा तरी मोठा वाटतो. पण क्रूझने तोवर बिनड्रायव्हरचे जेमतेम 50 लाखांच्या वर मैल काढले होते असं ती स्वतः सांगायची, आणि तेवढ्यात हे घडून गेलं होतं. शिवाय कंपनीचं स्वप्न शेकड्यांचं नव्हतं, लाखो गाड्यांचं होतं. लाख गाड्या रोज शंभर मैल धावल्या की दिवसाला 1 कोटी मैल होतात. मग 'क्वचित' म्हणजे किती दिवसांनी ते ज्याचं त्याने काढावं.

आकड्यांचा अजून एक घोळ आहे. रँड या संशोधन संस्थेने 2016 मध्येच हिशोब करून दाखवला होता की अमेरिकेत माणसं साधारण 10 कोटी मैलांमागे एक मृत्यू इतक्या प्रमाणात गाडी चालवतात, त्यामुळे मशीन निदान त्या पातळीवर आहे हे मृत्यूच्या आकड्यावरून भरवशाने सिद्ध करायचं तर एकही मृत्यू न होता 27.5 कोटी मैल चालवून दाखवावे लागतील. म्हणजे 2023 मध्ये क्रूझकडे 'आम्ही माणसापेक्षा सेफ' हे छातीठोक सांगण्याइतका डेटाच नव्हता, जीवघेण्या अपघातांच्या बाबतीत तरी नाही. आणि त्याच न्यायाने विरोधकांकडे पण 'या गाड्या माणसापेक्षा धोकादायक' म्हणायला पुरावा नव्हता. दोघांकडेही नव्हता. अशा वेळी माणूस काय बघतो, समोरचा आपल्याशी खरं बोलतोय का ते बघतो. दुसरं काही हातात नसतंच.

आणि आता ती 3 ऑक्टोबरची सकाळ.

अपघाताच्या रात्रीच क्रूझची माणसं कामाला लागली होती. पत्रकारांना सांगितलं गेलं की माणसाने चालवलेल्या गाडीने बाईला उडवलं, ती आमच्या गाडीपुढे आली, आमच्या गाडीने जोरात ब्रेक लावला. काही पत्रकारांना व्हिडिओ दाखवला, तो धडकेपाशीच संपणारा. सुरुवातीला कंपनीतल्या बऱ्याच लोकांनाही पुढचं माहीत नव्हतं हे मानायला हरकत नाही. पण पहाटेपर्यंत पूर्ण व्हिडिओ हाताशी आला होता आणि त्यात फरफटत नेलेलं दिसत होतं. क्रूझनेच नेमलेल्या क्विन इमॅन्युएल या लॉ फर्मचा रिपोर्ट जानेवारी 2024 मध्ये आला, त्यात म्हटलंय की त्या सकाळी सरकारी मीटिंगा सुरू व्हायच्या आधीच कंपनीतल्या शंभरहून जास्त लोकांना हे कळलेलं होतं.

तरी पेपरवाल्यांना दिलेलं स्टेटमेंट बदललं नाही. मग महापौरांच्या ऑफिसबरोबर, डीएमव्हीबरोबर आणि एनएचटीएसए म्हणजे राष्ट्रीय पातळीवरच्या रस्ता सुरक्षा यंत्रणेबरोबर मीटिंगा झाल्या. कंपनीने ठरवलं होतं की आपण तोंडाने काही सांगायचं नाही, व्हिडिओ लावायचा, व्हिडिओ काय ते बोलेल. आणि व्हिडिओ कॉलवर नेट अडकलं. व्हिडिओ थांबत थांबत चालला, काही ठिकाणी तो भाग नीट दिसलाच नाही. समोरच्या अधिकाऱ्यांना काय दिसलं आणि काय नाही हे क्रूझच्या कोणी विचारलं नाही आणि राहून गेलेलं सांगितलं पण नाही. 'गाडी थांबून परत निघाली आणि बाई खाली होती', एवढं एकच वाक्य पाहिजे होतं, बोलायला पाच सेकंद लागले असते, ते त्या खोल्यांमध्ये कोणाच्याही तोंडून निघालं नाही. एनएचटीएसएला लेखी पाठवलेल्या पहिल्या रिपोर्टमध्ये पण ते नव्हतं.

डीएमव्हीचं म्हणणं, आम्हाला पूर्ण व्हिडिओ दाखवलाच नाही. क्रूझचं म्हणणं, दाखवला. रिपोर्ट वाचला तर कळतं की दोघंही आपापल्या परीने बरोबर असू शकतात, दाखवायचा प्रयत्न झाला असेल आणि दिसला नसेल. मला विचाराल तर या वादात काही दम नाही. तुमच्या गाडीने माणसाला फरफटत नेलं आणि तुम्ही ते रेग्युलेटरला शब्दांत सांगितलं नाही, मग नेट चालत होतं की नव्हतं याने काय फरक पडतो. डीएमव्हीला ही गोष्ट कळली ती दुसऱ्या एका सरकारी खात्याशी बोलताना, मग त्यांनी व्हिडिओ मागितला आणि 13 ऑक्टोबरला तो मिळाला. सुरक्षेचं लायसन्स देणाऱ्या खात्याला गाडीने काय केलं हे कंपनी सोडून दुसऱ्याकडून कळतं म्हटल्यावर पुढे काय होणार हे सांगायला ज्योतिषी नको.

24 ऑक्टोबरला परमिट निलंबित झालं. दोन दिवसांनी क्रूझने देशभरातल्या सगळ्या बिनड्रायव्हरच्या गाड्या थांबवल्या. 19 नोव्हेंबरला सीईओ काइल वोग्ट यांनी राजीनामा दिला. डिसेंबरमध्ये 9 वरिष्ठ अधिकाऱ्यांना काढलं आणि जवळपास 900 जणांची, म्हणजे एक चतुर्थांश स्टाफची नोकरी गेली, ज्यातल्या बहुतेकांचा या मीटिंगांशी काडीचा संबंध नव्हता. पुढच्या वर्षी दंड सुरू झाले, युटिलिटीज कमिशनचा 1,12,500 डॉलर, एनएचटीएसएचा 15 लाख डॉलर, आणि नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्रीय न्याय खात्यासमोर कंपनीने खोटा रिपोर्ट दिल्याचं कबूल केलं आणि 5 लाख डॉलर भरले. जनरल मोटर्ससारख्या मालकासाठी हे दंड म्हणजे किरकोळ खर्च. खरा फटका 10 डिसेंबर 2024 ला बसला, जीएमने रोबोटॅक्सीला पैसे द्यायचं बंद केलं. 2016 पासून 10 अब्ज डॉलरच्या वर ओतून झाल्यावर.

काही लोक म्हणतात की हा अन्याय झाला, एका अपघातावरून अख्खी टेक्नॉलॉजी फासावर दिली. पण तसं झालंय का? वेमो त्याच शहरात, त्याच रस्त्यांवर चालूच राहिली. फेब्रुवारी 2024 मध्ये चायनाटाउनमध्ये जमावाने तिची एक रिकामी गाडी जाळली, पण परमिट कोणी काढून घेतलं नाही. म्हणजे लायसन्स देणाऱ्यांनी दोन कंपन्यांत फरक केला. लोकांनी केला का? इथे जरा गंमत आहे. एएए ही अमेरिकेतली वाहनचालकांची मोठी संघटना दरवर्षी सर्व्हे करते. 2022 मध्ये 55 टक्के ड्रायव्हर म्हणत होते की आम्हाला पूर्ण सेल्फ-ड्रायव्हिंग गाडीची भीती वाटते, आणि 2023 च्या सुरुवातीला हा आकडा 68 वर गेला. म्हणजे भीती वाढली ती क्रूझच्या अपघाताच्या *आधी*. अपघातानंतरच्या 2024 च्या सर्व्हेत 66 टक्के, जवळपास तेवढेच. विश्वास आहे म्हणणारे तेव्हा 9 टक्के होते, 2025 मध्ये 13.

म्हणजे या प्रकरणाने लोक घाबरले असं म्हणता येत नाही, ते आधीच घाबरलेले होते. या प्रकरणाने झालं काय, तर घाबरलेल्यांना 'तुम्हाला टेक्नॉलॉजी कळत नाही, डेटा वाचा' असं सांगायची सोय गेली. कारण डेटा देणाऱ्यानेच महत्त्वाचे 20 फूट गाळले होते. लोकांच्या शंकेला अडाणीपणा समजायची सवय या क्षेत्रात खूप आहे, क्विन इमॅन्युएलच्या रिपोर्टने सुद्धा क्रूझच्या नेतृत्वावर बोट ठेवताना रेग्युलेटरबद्दल 'आम्ही विरुद्ध ते' ही मानसिकता असल्याचं स्पष्ट लिहिलंय. आणि ज्यांना 'ते' समजलं जात होतं त्यांच्यात ती फायर चीफ पण होती, जिने महिनोन्महिने सांगितलं होतं की या गाड्यांना अडचणीच्या प्रसंगी काय करायचं कळत नाही. तिचा मुद्दा बंबांचा होता, बाईचा नव्हता, पण दोष एकच निघाला.

2018 ची टेम्पी, ॲरिझोनाची घटना पण बऱ्याच जणांना आठवत असेल, उबरच्या टेस्ट गाडीने सायकल हातात धरून रस्ता ओलांडणाऱ्या बाईला उडवलं आणि ती गेली. तिथे सिस्टिम धडकेच्या काही सेकंद आधीपासून ठरवत बसली होती की समोरचं हे वाहन आहे, सायकल आहे की आणखी काही. शेवटी गुन्हा लागला तो कंपनीवर नाही, आत बसलेल्या सेफ्टी ड्रायव्हरवर. त्या वेळी निदान दोष द्यायला आत एक माणूस होता. क्रूझच्या गाडीत तोही नव्हता. कॅलिफोर्नियाने 2024 मध्ये कायदा केला की जुलै 2026 पासून पोलिस बिनड्रायव्हरच्या गाडीने नियम मोडला तर थेट कंपनीला नोटीस देऊ शकतील. तोपर्यंत अवस्था अशी की पावती फाडायची कोणाच्या नावाने हेच ठरलेलं नव्हतं.

वेमो आता आपल्या अपघातांचा डेटा बराच उघडा करते, तिच्या संशोधकांचे पेपर तपासून छापले जातात आणि त्यात गंभीर जखमांचे अपघात माणसांच्या तुलनेत खूप कमी दिसतात. हे चांगलंच आहे आणि मला ते आकडे खोटे वाटत नाहीत. पण तो कंपनीने निवडून, कंपनीच्या माणसांनी मांडलेला डेटा आहे, आणि क्रूझनंतर एवढं पुरत नाही असं माझं मत. माझ्या मते माणूस जखमी झाला की धडकेच्या थोडं आधीपासून गाडी शेवटची थांबेपर्यंतचं सगळं रेकॉर्डिंग आपोआप रेग्युलेटरकडे जायला पाहिजे, कंपनीतल्या कोणी बघायच्या आधी, वकिलाने बघायच्या आधी. यावर एक आक्षेप येतो की व्हिडिओत रस्त्यावरच्या इतर लोकांचे चेहरे असतात, ते सरकारकडे असे सरसकट जाणं बरं नाही. हा आक्षेप खरा आहे, चेहरे झाकायची सोय करावी लागेल, आणि रेकॉर्डिंग किती दिवस ठेवायचं यावर पण भांडणं होतील. ती भांडणं झालेली चालतील. क्रूझचा पूर्ण व्हिडिओ एका मिनिटाचाही नव्हता, आणि तो डीएमव्हीच्या हातात पडायला अकरा दिवस लागले.